अक्काची गाठ आणि माझी वही



मागच्या रविवारी पूजा आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. आपल्यातलीच एक सून मागून आली आणि माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेली. आवाज अगदी खाली. म्हणाली, "काकू, आमच्या सासूबाईंच्या छातीत गाठ लागतेय. कुणाला सांगू नको म्हणतात. तुमच्या अक्कांचं झालं होतं ना? कुठं जायचं, कुणाला विचारायचं?"

मी तिला घरी आणलं, चहा दिला आणि कपाटातली निळी वही काढून तिच्यापुढे ठेवली. दोन तास बसलो. ती गेल्यावर वाटलं, एकेकीला वही दाखवत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठी लिहूनच काढावं. लोणच्याचं प्रमाण लिहिते, एकासनाचा स्वयंपाक लिहिते, मग हेच का लिहू नये? अक्काला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. नाव घालू नकोस म्हणजे झालं. नाहीतर सगळी सांगली विचारायला येईल." म्हणून नाव घालत नाही.

आधी माझी चूक सांगते, कारण ती तुमच्यापैकी कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

२०१८ च्या दिवाळीत अक्काचा सांगलीहून फोन आला. मी करंज्या तळत होते, फोन खांद्याशी धरलेला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "अगं, डाव्या बाजूला आंघोळ करताना हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागतंय." मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "छे, अजिबात नाही." मी म्हटलं, "मग काही नसतं ते. चरबीची गाठ असेल. दुखलं असतं तर काळजी." आणि करंजी उलटली.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण मी बी.कॉम. झालेली म्हणून घरातली शहाणी मी. माझा शब्द तिने खरा धरला. त्यात तिच्या नातीचं जमवायचं चाललं होतं. पाहुणे येऊन गेले होते. आजीला असं काही निघालं तर सोयरीक मोडेल, पुढे मुलीलाही होईल म्हणून लोक विचारतील, अशी भीती तिच्या मनात. तेव्हा 'काही नसतं' हेच तिला ऐकायचं होतं, आणि मी तेच ऐकवलं.

२०१९ साली अक्षय्य तृतीया ७ मेला होती. आहारदानाचा दिवस म्हणून मी माहेरी गेले होते. उसाच्या रसाचा कार्यक्रम झाला, जेवणं झाली. दुपारी अक्काने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. हरभरा राहिला नव्हता, लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती, काखेतही एक घट्ट गोळी लागत होती. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काय बोलावं सुचेना. मनात हिशेब मात्र झाला. नोव्हेंबर ते मे, सहा महिने.

तेव्हा पहिली गोष्ट ही लिहून ठेवा. छातीतली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून सोडायची नाही, उलट न दुखणारी गाठ आधी दाखवायची. गाठ, काखेतली गाठ, कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखं रूप, बोंडी आत जाणं, बोंडीतून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काही नव्याने दिसलं तर चार दिवस वाट बघायची नाही. दाखवलेल्या गाठींपैकी बहुतेक साध्याच निघतात, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, करंज्या तळणाऱ्या बहिणीने नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मिरजेला गेलो. सांगलीकरांना मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून आपल्या आजी-पणजी औषधाला मिरजेलाच जात आल्या. अक्काला पुरुष डॉक्टरांपुढे तपासणीचा संकोच वाटत होता. मी सिस्टरांना म्हटलं, बाई माणूस शेजारी थांबू दे. त्या लगेच थांबल्या. हे मागायला लाजायचं नाही, तो आपला हक्क आहे.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली आणि सुईने तुकडा काढून तपासायचं ठरलं. लगेच घरून फोन सुरू झाले. सुई लावली की कर्करोग पसरतो, कुणाचं तरी असंच झालं, लक्ष्मणफळाचा रस द्या, अमक्या गावच्या वैद्यांकडे चला. मी डॉक्टरांनाच सरळ विचारलं. ते म्हणाले, सुईच्या तपासणीने रोग पसरत नाही, आणि तिच्याशिवाय कोणतं औषध द्यायचं तेच कळत नाही. त्या तुकड्यावर आणखी एक तपासणी होते. रोगाच्या पेशींवर ईआर, पीआर आणि हर-टू आहेत का ते बघतात. त्यावर पुढचं औषध ठरतं. म्हणून शेजारणीचं औषध आपल्याला चालेलच असं नाही. एकाच नावाचे हे वेगवेगळे आजार आहेत. तुमच्या घरी अशी वेळ आली तर हा रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.

त्या रात्री मी निळी वही सुरू केली. चिंतामणराव कॉमर्स कॉलेजात शिकलेलं बुककीपिंग चाळीस वर्षांत दुधाच्या हिशेबापलीकडे कधी लागलं नव्हतं, ते इथे लागलं. डाव्या पानावर विचारायचे प्रश्न, उजव्या पानावर मिळालेली उत्तरं, तारीख आणि उत्तर कुणी दिलं ते. डॉक्टरांपुढे बसलं की डोकं रिकामं होतं. ऐकलेल्यातलं अर्धं जिना उतरेपर्यंत विसरतं. कागदावर असलं की विसरत नाही. मागच्या बाजूला खर्च: तपासण्या, औषधं, गाडीभाडं. प्रत्येक रिपोर्टला नंबर आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. एक संच अक्काकडे सांगलीत, एक माझ्याकडे साताऱ्यात. भाचा हसायचा, "मावशी, तू ऑडिट करतेस काय?" त्या दुसऱ्या संचाने पुढे काय केलं ते सांगतेच.

पैशाचं आधी सांगते, कारण बऱ्याच घरांत गाठ लपवली जाते ती पैशाच्या भीतीनेच. दाजींची शेती, केशरी रेशनकार्ड. दवाखान्यात शिरताना एक टेबल दिसलं, त्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक. तिथं आरोग्यमित्र बसतात. ही योजना आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आमच्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मदत होती, आता ५ लाखांपर्यंत आहे. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन तिन्ही तिच्यात बसतात. मात्र दवाखाना योजनेतला हवा आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी रोख भरून नंतर कागद नेला तर उपयोग होत नाही. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासणीचे रिपोर्ट घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटा. घरबसल्या चौकशी करायची तर १५५३८८ हा फुकट नंबर आहे. आपल्यातल्या काही बायका म्हणतात, योजनेतून घ्यायचं म्हणजे बरं दिसत नाही. अगं, कर आपणच भरतो ना? लाज वाटून घरातलं सोनं मोडायचं नाही.

भाच्याच्या मनात होतं, मुंबईला टाटा हॉस्पिटलात दाखवून यावं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ सालापासून उभं आहे आणि देशभरातून लोक तिथं येतात. आम्ही एकदा जाऊन मत घेतलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत असते. दवाखान्याचं पत्र आणून रेल्वेच्या खिडकीवर दाखवावं लागतं. राहायला दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं वर्षानुवर्षं कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. टाटाच्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि मिरजेत सांगितलेलाच क्रम सांगितला. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, मग पाच वर्षं रोज गोळी. हे सगळं घराजवळ होऊ शकतं, इथे येऊन हाल करून घेऊ नका, असंही म्हणाले. हे ऐकून अक्का पहिल्यांदा हसली. आता देशातली कर्करोगाची रुग्णालयं नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडली गेली आहेत, आणि 'नव्या' या सेवेतून कागद पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत घरी बसूनही मागवता येतं. दुसरं मत घेतलं तर आपले डॉक्टर रागावतील ही भीती ठेवू नका. आमचे रागावले नाहीत, उलट चिठ्ठी लिहून दिली.

इथपर्यंतचं सगळं कागदाचं काम होतं. खरी अडचण निघाली ती मुंबईहून परत आल्यावर. अक्का मला म्हणाली, "मला नको गं हे सगळं. वय झालं. मी सल्लेखना घेते. महाराजांना विचारू या."

मैत्रिणींनो, या शब्दाचं आपल्याला केवढं मोल आहे ते सांगायला नको. आपल्या आजेसासूबाईंची सल्लेखना आजही घराघरांत सांगितली जाते. मी 'नको' म्हणायची कोण? दाजी गप्प, भाचा गप्प. एका चुलत नणंदेने तर सांगून टाकलं, "मागच्या जन्मीचं कर्म आहे, भोगूनच संपवावं." मला रात्रभर झोप आली नाही.

तेव्हा सांगलीजवळ एक आर्यिका माताजी आल्या होत्या. आम्ही दोघी गेलो, वंदामि केलं. अक्काने सगळं सांगितलं. माताजींनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात, इलाज आहे की नाही?" अक्का म्हणाली, "आहे म्हणतात." माताजी म्हणाल्या, "मग सल्लेखनेचा प्रश्नच कुठे आला? ज्या आजारावर इलाज उरलेला नाही, तिथे ते व्रत आहे. कंटाळा आला, भीती वाटली म्हणून देह सोडणं ही सल्लेखना नव्हे. या देहाने अजून बरीच साधना व्हायची आहे." कर्माचंही त्यांनी समजावलं. असाता वेदनीय कर्माचा उदय झाला हे खरं, पण पुरुषार्थ सोडा असं शास्त्र कुठे सांगतं? औषध घेणं हा पुरुषार्थच. चार दानांत औषधदान आहे ते काय उगीच?

अक्का उठताना म्हणाली, "बरं, घेते." आम्ही रिक्षात बसलो तेव्हा ती रडली. मीही रडले. करंज्यांच्या दिवशीचं बोलणं मात्र मी तेव्हाही काढलं नाही. धीर झाला नाही.

६ जूनला पहिली केमो झाली. दर २१ दिवसांनी एक, अशा आठ. पहिल्या दोन-तीन दिवसांत मळमळ, तोंडाला चव नाही, मग हळूहळू उतार. तिसऱ्या आठवड्यात केसांचे पुंजके उशीवर यायला लागले. मला बघवेना. अक्का म्हणाली, "महाराजांना केशलोच करावा लागतो, माझा आपोआप झाला. पुण्य फुकटात." त्या दिवसापासून घरातलं वातावरण सैल झालं.

खाण्याचं आपल्या बायकांना फार महत्त्वाचं वाटेल म्हणून नीट लिहिते. आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली, रोज दोन अंडी द्या, प्रथिनं हवीत. अक्काचा चेहरा उतरला. मी सांगितलं, "आम्ही जैन आहोत, अंडं चालणार नाही, कांदा-बटाटाही नाही. यातून कसं बसवायचं ते सांगा." तिने लगेच बसवून दिलं. मुगाचं धिरडं, पनीर, घट्ट वरण, सोयाबीनचं पीठ घातलेली भाकरी, दही, शेंगदाण्याचं कूट. पाणी उकळून गार केलेलं आणि गाळलेलं, हे तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. केमोत प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून डॉक्टरही तेच सांगतात. रात्रीच्या गोळ्यांचंही विचारलं. काही गोळ्या त्यांनी सूर्यास्ताआधीच्या जेवणाबरोबर बसवल्या. एक रात्रीचीच होती, ती अक्काने रात्रीच घेतली. विचारलं तर मार्ग निघतो. न सांगता मनाने गोळी बंद करायची नाही. आणि केमोच्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं.

तिसरी केमो १८ जुलैला झाली, चौथी ८ ऑगस्टला होती. आणि त्या आठवड्यात कृष्णा चढली.

२०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. अक्काचं घर गावभागात. पाणी अंगणात आलं तेव्हा भाच्याने तिला आणि दाजींना उचलून विश्रामबागेत पाहुण्यांकडे नेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. कपाटाच्या खालच्या खणातली अक्काची फाईल तिथंच राहिली आणि चार दिवस पाण्यात भिजली. ८ तारीख आली आणि गेली. रस्ते बंद, आम्ही साताऱ्यात, फोन कधी लागे कधी नाही. अक्का पलीकडून म्हणाली, "एवढ्या लोकांची घरं वाहून चालली, माझ्या सुईचं काय घेऊन बसलीस?" पण मला माहीत होतं, तिला आत भीती वाटत होती.

रस्ता सुरू झाल्यावर भाच्याने तिला साताऱ्याला आणून सोडलं. मी माझ्याकडची झेरॉक्स आणि निळी वही घेऊन इथल्या डॉक्टरांकडे गेले. तिन्ही वेळेला कोणतं औषध किती दिलं, रक्ताचे रिपोर्ट, हृदयाची तपासणी, सगळं तारखेनिशी होतं. त्यांनी मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, पडताळून घेतलं आणि १६ ऑगस्टला चौथी केमो झाली. आठ दिवसांचा उशीर. वही नसती तर किती दिवस गेले असते कुणास ठाऊक. म्हणून सांगते, कागदांचा एक संच नेहमी दुसऱ्या घरात ठेवा. आता मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवता येतात, तेही करा.

पाचवी केमो ६ सप्टेंबरला आली, म्हणजे बरोबर दशलक्षणात. अक्काची चाळीस वर्षांची दहा दिवसांची एकासनं, अनंत चतुर्दशीला निर्जळी उपवास. या वर्षी नाही म्हटल्यावर केमोपेक्षा याचंच तिला जास्त दुःख. मी माताजींना निरोप पाठवला. उत्तर आलं की सोळा भावनांत 'शक्तितस्तप' आहे, तप शक्तीप्रमाणे करायचं असतं. यंदा आपल्या शक्तीला औषधाचं तप आलं आहे. अक्काने दहा दिवस दोन्ही वेळा जेवून, अंथरुणावर बसून स्वाध्याय केला. मी शेजारी बसून वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची.

क्षमावणीच्या दिवशी आम्ही एकमेकींना क्षमा मागायला लागलो तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, दिवाळीत तू फोनवर सांगितलंस आणि मी काही नसतं म्हणाले. सहा महिने माझ्यामुळे गेले. मला क्षमा कर." ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला आठवतंय. मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी तुलाच फोन केला. डॉक्टरांना केला असता तर त्यांनी खरं सांगितलं असतं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. क्षमा मिळाली, पण सहा महिने परत येत नाहीत. तेव्हा गेलो असतो तर कदाचित कमी औषधात भागलं असतं. मी डॉक्टरांनाही एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, त्याचं उत्तर मिळून आता उपयोग नाही, पुढची तारीख सांभाळा.

डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली, डावी बाजू काढावी लागली. जानेवारी-फेब्रुवारीत रेडिएशन. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमची गोळी सुरू झाली होती. नशीब म्हणायचं.

शस्त्रक्रियेनंतर कुणी सांगत नाही अशा दोन-तीन गोष्टी. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज येऊ शकते. त्या हाताचं रक्तदाब मापन, सुई, जड कळशी टाळायची आणि शिकवलेले व्यायाम रोज करायचे. अक्का भिंतीवर बोटं चढवत जायची आणि रोज पेन्सिलीने खूण करायची. ज्या दिवशी हात दिवळीपर्यंत पोचला त्या दिवशी तिने भाकरी थापली. ब्लाउज एका बाजूने सपाट दिसतो म्हणून ती बस्तीत जाईना. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था सुती धाग्यांची विणलेली हलकी उरोज-जोडी अशा बायकांना फुकट देते. आपल्याकडे लोकर-सुई चालवणाऱ्या किती तरी जणी आहेत, हेही एक दानच आहे.

आणि मनाचं. रडू येतं, रात्री झोप लागत नाही, नवऱ्यासमोर बदलायला नको वाटतं. हे अक्काने मला सहा महिन्यांनी सांगितलं, आणि तेही दुसऱ्या एका बाईला आधी सांगितल्यावर. ती बाई मिरजेच्या दवाखान्यात बाकावर भेटलेली, दहा वर्षांपूर्वी याच आजारातून गेलेली. बहिणीला जे सांगता येत नाही ते तिला सांगता येतं. अमेरिकेत टेरीज लॅसर नावाच्या बाईने १९५२ साली हेच ओळखलं. स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर ती इतर रुग्ण बायकांना दवाखान्यात जाऊन भेटायला लागली, आणि त्यातून मोठं काम उभं राहिलं. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून हेच करते, तिथे आजारातून गेलेली माणसंच धीर देतात. इंडियन कॅन्सर सोसायटी तर १९५१ पासून आहे. पुण्यात स्तनाच्या कर्करोगासाठी प्रशांती कॅन्सर केअर मिशन आहे. आणि नुसतं मन फार खचलं, कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेली-मानस १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांनाही एक सांगायचं आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने होतो. बायकांच्या कर्करोगांत हा पहिल्या नंबरचा. टाटा हॉस्पिटलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. मोठं यंत्र नाही, रक्त नाही, फक्त शिकलेला हात. दर वर्षी आपण देवदर्शनाच्या सहली काढतो, एक दिवस मंडळाच्या सगळ्या बायकांची तपासणी का काढू नये? हे मी आमच्या मंडळात मांडणार आहे, तुम्हीही मांडा.

आणि आजारी बाईला भेटायला जाल तेव्हा कर्म काढू नका, अमकीचं काय झालं ते सांगू नका, "कसं गं तुलाच झालं" म्हणू नका. डबा न्या, तिच्या नातवाला दोन तास सांभाळा, तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसा. आपल्याकडे याला वैयावृत्त्य म्हणतात, आणि ते अंतरंग तपांत मोजलेलं आहे.

अक्का आता बहात्तर वर्षांची आहे. दशलक्षणातली एकासनं परत सुरू झाली, निर्जळी मात्र डॉक्टरांच्या शब्दावर सोडली. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते, तारीख माझ्या वहीत असते. नातीचं लग्नही झालं. पाहुण्यांना आम्ही सगळं आधीच सांगितलं होतं, त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. ज्या भीतीने सहा महिने घालवले ती भीती अशी निघाली.

रविवारी भेटलेल्या त्या सुनेचा काल फोन आला. सासूबाईंना घेऊन तपासणीला जाऊन आली. सुईचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे. सासूबाईंना अक्काशी बोलायचं होतं. मी नंबर दिला. दोघी पाऊण तास बोलल्या म्हणे. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

जय जिनेंद्र.